दुसऱ्या दोरीवरची माणसं

शिरोड्याच्या वेळागरावर रापण ओढताना पाहिली नसेल, तर एकदा सकाळी लवकर येऊन बघा. दोरीचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी जाळं सोडत अर्धवर्तुळात समुद्रात जाते आणि दुसऱ्या दोरीचं टोक घेऊन बऱ्याच अंतरावर पुन्हा वाळूला लागते. मग दोन्ही दोऱ्यांवर माणसं लागतात. रापणकार असतात, त्यांच्या घरातले असतात, आणि वाटेने जाणारा एखादा सहज हात लावतो तोही असतो. सुरुवातीला दोन्ही घोळके एकमेकांपासून इतके लांब असतात की हाक मारली तरी वाऱ्यात हरवते. जाळं जवळ येतं तसे तेही सरकत सरकत जवळ येतात. एका बाजूने जोर केला आणि दुसरी मागे राहिली, तर जाळं तिरपं होतं नि मासळी निसटते. म्हणून ओढणाऱ्याचं लक्ष आपल्या हातापेक्षा समोरच्या दोरीकडे जास्त असतं. मी तरुण असताना एका म्हाताऱ्या रापणकाराने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "एकट्यान वडून रापण येवची नाय रे. आणि दुसऱ्या दोरयेर कोण हा ता बघल्याशिवाय तर नायच."

तो माणूस बांगड्यांबद्दल बोलत होता. मला मात्र ते वाक्य गेली पस्तीस वर्षं देवळातल्या सेवेत उपयोगी पडत आलं आहे. हा लेख त्या सेवेत असलेल्यांसाठी आहे. तुम्ही फादर असाल, पाळक असाल, सिस्टर असाल, रविवारी मुलांचा वर्ग घेत असाल, गायनमंडळात असाल, आजाऱ्यांच्या घरी प्रार्थनेला जात असाल किंवा फेस्ताच्या कमिटीत खुर्च्या मोजत असाल, तर माझं तुमच्याशी काम आहे. सिंधुदुर्गात आपली घरं थोडी आणि विखुरलेली. एका वाडीत पाच, दुसरीत तीन, मध्ये नदी नाहीतर घाटी. २००५ मध्ये पुण्याच्या धर्मप्रांतातून वेगळा होऊन सिंधुदुर्गचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, बिशप सावंतवाडीला आले, तरी अंतरं काही कमी झाली नाहीत. अशा मुलखात सेवा करणारा माणूस हळूहळू एकटा पडतो आणि ते त्याच्या लक्षातही येत नाही. लोक त्याचं कौतुक करतात की सगळं एकटाच बघतो हो. माझ्या मते ते वाक्य कानावर आलं की कौतुक समजू नये, इशारा समजावा.

येशूने बारा शिष्यांना गावोगाव पाठवलं तेव्हा दोघादोघांच्या जोड्या करून पाठवलं, हे मार्काने नोंदवून ठेवलं आहे. बारा गावं एका वेळी झाली असती, त्याने सहाच होऊ दिली. काम अर्धं झालं तरी चालेल, पण माणूस वाटेवर एकटा नको, असा तो हिशेब होता. पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात आपल्या मराठी बायबलमध्ये जो 'सहभागिता' हा शब्द येतो, त्यात प्रेमाइतकाच पैसा, तुरुंगातली ने-आण आणि एकमेकांच्या आजारपणाची चिंताही आहे. त्यामुळे मैत्रीचे नुसते गोडवे गाणं मला पुरेसं वाटत नाही. ती उभी कशी करायची, टिकवायची कशी आणि कुठे सावध राहायचं, तेवढं सांगतो.

पहिली गोष्ट जोडीदार निवडण्याची. आपल्याला आपल्यासारखा माणूस आवडतो. बोलका माणूस बोलक्याला धरतो, गाणारा गाणाऱ्याला. मग दोघेही गातात आणि पेटीचा भाता दुरुस्त करायला कोणी नसतो. निवडताना स्वतःला विचारा, माझ्याकडून काय होत नाही? मला माणसं जमवता येतात, पण वह्या ठेवता येत नाहीत. मला उपदेश करता येतो, पण आजाऱ्याजवळ गप्प बसता येत नाही. जे होत नाही ते ज्याला येतं, त्याच्याकडे जा.

याचं मला माहीत असलेलं सर्वांत मोठं उदाहरण बंगालमधल्या श्रीरामपूरचं आहे, पण त्याची एक मुळी मराठीतही रुजली आहे. विल्यम कॅरी हा चांभारकाम केलेला माणूस १७९३ मध्ये बंगालमध्ये आला. पहिली सहा-सात वर्षं तो जवळजवळ एकटाच होता, आणि ती वर्षं फार कठीण गेली. १७९९ च्या शेवटी जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड श्रीरामपुरात उतरले आणि १८०० च्या जानेवारीत कॅरी तिथे त्यांना येऊन मिळाला. कॅरी भाषांचा, मार्शमन शाळामास्तर, वॉर्ड छापखान्यातला. तिघांतला एकही दुसऱ्याचं काम करू शकला नसता. मार्शमनची पत्नी हॅना हिने मुलींची शाळा चालवली आणि त्या मोठ्या एकत्र घराचा गाडाही ओढला. तिचं नाव या तिघांच्या मागे झाकून जातं, म्हणून मुद्दाम लिहितो. कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ चं, मराठी कोश १८१० चा. त्यामागे वैजनाथ पंडितांची मदत होती. ख्रिस्ती नसलेला एक मराठी पंडित आणि इंग्लंडचा एक चांभार, अशी ती जोडी होती. आपल्या भाषेचा एक छापील कोश त्या जोडीतून आला, हे मला फार मोलाचं वाटतं.

या तिघांनी दोन गोष्टी अशा केल्या की आजही आपल्या वाडीत जशाच्या तशा करता येतील. एक, मिळकत एका पेटीत. कॅरीला कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात चांगला पगार सुरू झाला, तोही बहुतेक सगळा सामाईक पेटीत गेला आणि प्रत्येक कुटुंबाने खर्चापुरते थोडे पैसे घेतले. दुसरी, शनिवारची संध्याकाळ. आठवड्यात एकमेकांबद्दल मनात जे साचलं असेल ते शनिवारी संध्याकाळी बसून बोलायचं, मिटवायचं आणि मगच रविवारच्या उपासनेला उभं राहायचं, असा त्यांचा नेम होता.

शनिवारचं हे वाचलं तेव्हा मी चाळिशीला आलो होतो. दहा वर्षं आधी वाचलं असतं तर एक मैत्री वाचली असती. सांगतो.

माझ्या तरुणपणी आमच्या गायनमंडळात मी आणि माझा एक मित्र अशी जोडी होती. तो पेटी वाजवायचा, मी माणसं गोळा करायचो. नाताळच्या आधी महिनाभर रोज रात्री जेवून आम्ही एका घराच्या पडवीत सराव घ्यायचो. कंदिलाभोवती पाखरं, पेटीच्या एका काळ्या पट्टीतून नेहमी हवा जायची, आणि तो ती पट्टी चुकवून वाजवायला शिकला होता. ऐकणाऱ्याला कधी कळायचं नाही. एका वर्षी फेस्ताच्या खर्चासाठी जमवलेले पैसे माझ्याकडे होते. मंडपवाल्याला दिले, रोषणाईला दिले, पेट्रोलला दिले, आणि कुठे काय दिलं ते लिहून ठेवलं नाही. शेवटी हिशेबात सोळाशे रुपये बसेनात. त्याने एकदाच विचारलं, तेही हळू आवाजात, चारचौघांत नाही. मी भडकलो. "तुजो माझ्यार इश्वास नाय?" असं म्हणून उठून आलो. त्याचा विश्वास होता, म्हणूनच तर त्याने विचारलं होतं. हे मला कळायला तीन वर्षं लागली. त्या तीन वर्षांत पेटी बंद राहिली, मंडळातली मुलं पांगली, दोघी बहिणी तर गाणंच सोडून गेल्या. पैशाचा गुंता पुढे सुटला. रोषणाईवाल्याला मी दोनदा दिले होते, त्यानेच एक दिवस परत आणून दिले. पण मुलं परत आली नाहीत.

म्हणून पैशाबद्दल माझं सांगणं थोडं कडक आहे. मैत्री जितकी घट्ट, तितका हिशेब काटेकोर ठेवा. दानपेटी उघडताना दोघं हजर असा, मोजा, आकडा वहीत लिहा आणि दोघंही तिथेच सही करा. बँकेतलं खातं दोन सह्यांचं ठेवा. उसनं घेतलं तर कितीही लहान रक्कम असो, तारीख घाला. महिन्याच्या पहिल्या रविवारी वही देवळाच्या मागच्या बाकावर उघडी ठेवा, ज्याला वाचायची त्याने वाचावी. यात अविश्वास कुठेही नाही. वही असली की मित्राला विचारायची वेळच येत नाही, आणि विचारावं लागलं तरी ते मित्राला नव्हे, वहीला विचारलेलं असतं. फेस्त जवळ आलं की घाईत 'मागाहून लिहू' असं होतं. मागाहून कोणी लिहीत नाही. पैसे हातातून सुटायच्या आधी लिहा.

आणि शनिवार. दर आठवड्याला अर्धा तास पुरतो. जागा ठरलेली असावी, शक्यतो घराबाहेर आणि देवळाबाहेर. आमच्याकडे माझ्या ओळखीचे दोघे कॅटेकिस्ट मिठागराच्या बांधावर बसतात. १९३० च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला तीच ही शिरोड्याची आगरं. बसल्यावर तीन प्रश्न विचारायचे. या आठवड्यात माझं काही तुला लागलं का? तुझ्या डोक्यावर काय ओझं आहे? पुढच्या आठवड्यात कोणतं काम मी घेऊ? पहिल्या प्रश्नाला 'काही नाही रे' असं उत्तर आलं तर थोडं थांबा. बहुधा काहीतरी असतं. जे बोलायचं ते त्याच्याशीच बोलायचं. त्याच्या बायकोशी नाही, कमिटीशी नाही, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबात नाही. आपल्या मंडळ्यांमध्ये अलीकडे जेवढ्या मैत्र्या मोडलेल्या मी पाहिल्या, त्यातल्या निम्म्या मोबाईलवर मोडल्या. लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो, आणि वाचणारा त्यात स्वतःचा राग भरून वाचतो.

श्रीरामपूरच्या मित्रांची कसोटी ११ मार्च १८१२ च्या रात्री लागली. छापखान्याला आग लागली. कागद, टाईप, कित्येक वर्षांच्या मेहनतीची हस्तलिखितं, सगळं गेलं. कॅरी तेव्हा कलकत्त्यात होता. दुसऱ्या दिवशी मार्शमन स्वतः कलकत्त्याला गेला आणि त्याने ही बातमी त्याला समोरासमोर सांगितली. वॉर्ड मागे राहून राखेतून यंत्रं आणि टाईप ओतायचे साचे शोधत होता. ते सापडले आणि काही आठवड्यांतच छपाई पुन्हा सुरू झाली. मला यातला मार्शमनचा प्रवास जास्त महत्त्वाचा वाटतो. वाईट बातमी मित्राला चिठ्ठीने पाठवायची नसते, आपण जाऊन सांगायची असते. तुमच्या जोडीदाराच्या घरी मयत झाली, त्याच्या मुलाची नोकरी गेली, त्याच्याविरुद्ध कोणी वर तक्रार केली, तर फोनवर सांत्वन करून मोकळे होऊ नका. एसटी पकडा.

पण याच तिघांकडून एक धोक्याची सूचनाही घेण्यासारखी आहे. त्यांची मैत्री इतकी घट्ट झाली की नंतर आलेल्या तरुणांना तिच्यात जागा सापडेना. त्यांना वाटायचं, सगळं आधीच या तिघांनी ठरवलेलं असतं. १८१७ च्या सुमाराला ते तरुण कलकत्त्याला वेगळे झाले आणि त्यांच्यात कॅरीचा स्वतःचा पुतण्या होता. १८२७ मध्ये श्रीरामपूर आणि इंग्लंडमधली मूळ संस्था यांचंही नातं तुटलं. तुमच्या मंडळीत हे होतंय का, ते ओळखायचं असेल तर बैठकीत बघा. तीन-चार माणसं आपापसांत नजरेने बोलतात का? जुन्या गोष्टींवर हसतात आणि नवा मुलगा बाजूला कोरड्या चेहऱ्याने बसून राहतो का? तसं असेल तर मैत्रीचं आता कुंपण झालं आहे. उपाय साधा आहे. दरवर्षी एका नव्या माणसाला खरं काम द्या, म्हणजे खुर्च्या मांडण्याचं नव्हे, तर किल्ली जवळ ठेवण्याचं. चुकला तर चुकू द्या.

आता घरातल्या जोडीदाराबद्दल. हे अनेकांना अवघड जाईल, पण टाळता येण्यासारखं नाही.

नारायण वामन टिळक आपल्या कोकणचेच, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. एका आगगाडीच्या प्रवासात डब्यातल्या एका अनोळखी युरोपियन माणसाने त्यांच्याशी काव्याबद्दल आपुलकीने गप्पा मारल्या आणि जाताना नव्या कराराची एक प्रत हातात दिली. तिथून पुढचा रस्ता सुरू झाला, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्या माणसाने वाद घातला नाही, ही गोष्ट मात्र लोक विसरतात. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना ते कळलं तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळलं. पुढची काही वर्षं नवरा-बायको वेगळे राहिले. नंतर त्या आल्या, आपल्या चालीने, आपल्या प्रश्नांची उत्तरं आपणच शोधत, आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचताना जाणवतं की टिळकांचा हात किती सैल होता. घरात जे येईल ते दारातल्या माणसाला देऊन टाकायचे. संसार कसा चालायचा ते लक्ष्मीबाईंनाच ठाऊक. तरी त्या दोघांच्या सेवेत लक्ष्मीबाईंचा वाटा स्वयंपाकघरापुरता राहिला नाही. टिळकांचं 'ख्रिस्तायन' त्यांच्या मृत्यूमुळे १९१९ मध्ये अपुरं राहिलं, ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. ज्या बाईला नवऱ्याने अक्षरओळख करून दिली, तिने नवऱ्याचं महाकाव्य पूर्ण केलं.

म्हणून सेवेत पडलेल्या प्रत्येक संसारी माणसाला माझं सांगणं आहे की पहिली सहभागिता घरात विचारा. 'मी बुधवारी संध्याकाळी प्रार्थनेला जातो' असं सांगू नका. 'बुधवारी गेलो तर चालेल का, आणि त्या दिवशी मुलांचं कोण बघेल?' असं विचारा. घरातले पैसे देवकार्यात घालण्याआधी विचारा. नाही म्हटलं तर ते नाही, नाहीच धरा. बाहेर सगळ्यांना वेळ देणारा आणि घरात थकून गप्प बसणारा सेवक मी अनेकदा पाहिला आहे. त्याची बायको देवळात त्याच्याकडे वळूनही बघत नाही. आणि सेवा करणारी स्त्री असेल तर हे उलट बाजूनेही तितकंच खरं आहे. फक्त तिच्या बाबतीत घरचे 'नाही' फार सहज म्हणतात, तेव्हा मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी तिच्या बाजूने जाऊन बोलावं.

टिळकांच्या अहमदनगरच्या घरी बालकवी ठोंबरे राहत असत. लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या मुलासारखं वागवलं. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत आणि त्यामुळे त्या मायेत काही कमी पडलं नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण सेवेतली मैत्री म्हणजे माणूस आपल्याकडे ओढण्याचं आमिष, असा समज आपल्यातही असतो आणि बाहेरही असतो. ज्या मैत्रीत मनात दुसराच हेतू दडलेला असतो ती मैत्री नव्हे, आणि समोरच्याला ते पहिल्या चहाच्या वेळीच कळतं. शिरोड्यात आपले शेजारी माउलीच्या जत्रेला जातात, आरवलीच्या वेतोबाला केळी आणि वहाणा वाहतात. नाताळला आपल्या घरचे नेवरे त्यांच्याकडे जातात आणि चतुर्थीला त्यांच्याकडून मोदक येतात. ही देवाणघेवाण सेवेच्या बाहेरची नाही. आजारी माणसाला रात्री वेंगुर्ल्याला न्यायचं असलं की गाडी बहुधा त्याच शेजाऱ्याची असते. जस्टिन ॲबट हे अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी. त्यांनी महिपतींचं 'भक्तविजय' इंग्रजीत नेलं ते नरहर गोडबोले या पंडितांच्या सोबतीने. आपल्या श्रद्धेत पक्का असलेला माणूस दुसऱ्याच्या संतांपुढे बसून वर्षानुवर्षं काम करू शकतो, हे त्या दोघांनी दाखवलं.

श्रेयाबद्दल थोडकं. वेंगुर्ल्याला अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने चालवलेलं सेंट ल्यूक्स हॉस्पिटल. तिथल्या डॉक्टर रॉबर्ट गोहीन यांचा मुलगा १९१९ मध्ये वेंगुर्ल्यातच जन्मला. तो पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि नंतर अमेरिकेचा भारतातला राजदूत म्हणून परत आला. ही गोष्ट आम्ही अभिमानाने सांगतो. पण त्या काळी रात्री कंदील धरून उभी राहिलेली नर्स, पट्ट्या उकळणारी बाई, बैलगाडीतून बाळंतीण घेऊन आलेला गाडीवान, यांची नावं कोणाला सांगता येणार? तुमच्या कामात एवढं करा. कार्यक्रमाच्या शेवटी आभार मानताना जोडीदाराचं नाव आपल्या नावाआधी घ्या आणि ज्यांची नावं कधीच कोणी घेत नाही, त्यांची कागदावर लिहून नेऊन घ्या. कागद हवाच, कारण ऐन वेळी आठवतात ती मोठीच नावं.

एका गोष्टीवर मात्र मी तडजोड सुचवणार नाही. मैत्री म्हणजे झाकणं नव्हे. जोडीदार पैसे खात असेल, दारू पिऊन मुलांच्या वर्गाला जात असेल किंवा एखाद्या मुलाशी, मुलीशी त्याचं वागणं खटकत असेल, तर गप्प राहणारा मित्र त्या पापात भागीदार होतो. येशूने यासाठी पायऱ्या सांगितल्या आहेत. आधी दोघांतच बोला. ऐकलं नाही तर एक-दोन साक्षी घेऊन जा. तरीही नाही ऐकलं तर मंडळीपुढे आणा. पण लेकराच्या सुरक्षेचा प्रश्न असेल तिथे या पायऱ्या चढत बसू नका. त्याच दिवशी आईबापांना, वरिष्ठांना आणि पोलिसांना सांगा. कायदाही तेच सांगतो. 'देवळाचं नाव खराब होईल' असं म्हणून मुलाला एकटं सोडू नये. आणि मुलांचं काम नेहमी दोघांनी, उघड्या दारात करावं. जोडीदार असण्याचा हाही एक मोठा उपयोग आहे.

कधीकधी वेगळं व्हावं लागतं. पौल आणि बर्णबा यांची मैत्री जुनी आणि खरी होती. पौलावर कोणी भरवसा ठेवत नव्हतं, तेव्हा बर्णबाने त्याला हात धरून शिष्यांपुढे नेलं, पुढे तार्सला जाऊन शोधून आणलं. तरी मार्काला सोबत घ्यायचं की नाही यावरून त्या दोघांचं इतकं कडाक्याचं भांडण झालं की एक कुप्रला गेला, दुसरा सूरियाकडे. प्रेषितांच्या कृत्यांत ते लपवलेलं नाही, ही त्या पुस्तकाची सचोटी. पण आयुष्याच्या शेवटी पौलाने त्याच मार्काला घेऊन यायला सांगितलं, कारण तो सेवेसाठी उपयोगाचा आहे. तेव्हा वेगळं व्हायचंच असेल तर वस्तू आणि कामं नीट वाटून घ्या, एकमेकांबद्दल मागे वाईट बोलू नका, आणि एक दार लावू नका. नाताळला त्याच्या घरी कुसवार द्या. तो परत पाठवेल अशी भीती वाटेल. शक्यतो पाठवत नाही.

आणि फादर किंवा पाळक बदलून जातात तेव्हा? आमच्यासारख्या लहान धर्मग्रामात हा सर्वांत मोठा धक्का असतो. पाच-सहा वर्षांत माणूस घरचा होतो आणि एका पत्राने जातो. जाणाऱ्या फादरांनी शेवटच्या महिन्यात नव्यांसाठी एक वही लिहून ठेवावी. कोण आजारी, कोणाचं कोणाशी बोलणं बंद, कोणत्या घरी सकाळी जाऊ नये, अशी. आपल्या जवळच्या दोन माणसांना नव्या फादरांच्या हाती सोपवावं, नव्या फादरांवर नजर ठेवायला नव्हे. आणि मागे राहिलेल्यांनी सहा महिने तरी 'जुने फादर असं करायचे' हे वाक्य तोंडातून काढू नये. नव्या माणसाला दोन वेळा जेवायला बोलवा, एकदा देवळाच्या कामाबद्दल बोला, एकदा अजिबात बोलू नका.

माझ्या मित्राचं सांगायचं राहिलं. तीन वर्षांनी मीच त्याच्या घरी गेलो. रोषणाईवाल्याने परत दिलेले पैसे पाकिटात घालून नेले होते. त्याने पाकीट उघडलंच नाही, आत जाऊन बायकोला चहा टाकायला सांगितलं आणि पेटीवरची चादर काढली. काळी पट्टी तशीच हवा सोडत होती. पुढे नोकरीसाठी तो मुंबईला गेला तो तिथेच राहिला. त्याची पेटी देवळात ठेवून गेला. आता दहावी झालेली एक मुलगी ती वाजवते, तिच्या चुलत भावाबरोबर. तो तबल्याला बसतो आणि त्याला बोलायला फार लागतं, तिला मुळीच नाही. गेल्या फेस्ताला हिशेबाची वही तिने ठेवली. प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन सह्यांसाठी दोन रकाने तिने पट्टीने आखले होते, आणि दुसऱ्या रकान्यात तबलेवाल्याने सही करेपर्यंत ती मंडपवाल्याला पैसे देईना. शनिवारी रात्री मुंबईहून फोन आला तेव्हा मी ते मित्राला सांगितलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पेटयेची काळी पट्टी दुरुस्त करून दी तेका. माझ्यासारखी चुकवन वाजवूक लावू नको."

मंगळवारी मी पेटी घेऊन सावंतवाडीला जातोय. तबलेवाला सोबत येतोय.